काल रात्री तुझ्या गच्चीवरून कोण गेलं?

बागेत गेल्यावर तू आधी कुठे पळशील? घसरगुंडीकडे? झोपाळ्याकडे? आज तिकडे नको. आज बागेच्या अगदी मागच्या कोपऱ्यात चल. माळीकाका झाडलेला पाचोळा जिथे ढकलून ठेवतात ना, तिथे!

मे महिना संपत आलाय. शाळा अजून सुरू व्हायची आहे. उकाडा तर विचारूच नको! सकाळचे सहा वाजलेत. आता हलायचं नाही, बोलायचं नाही. नुसतं पाचोळ्याकडे बघायचं.

खस्स... खस्स...

उंदीर असेल? नाही. सरडा? छे! कोणीतरी पानं उडवतंय. एक पान इकडे, एक पान तिकडे. खोडरबर हरवलं की आपण दप्तर कसं उपसतो, अगदी तस्सं! आणि मग ते 'कोणीतरी' टुणकन उडी मारून बाहेर येतं.

अबब! कोणाची रंगपेटी सांडली की काय?

पाठ हिरवीगार. पंखावर आकाशी रंगाचा चमकता डाग. गळा पांढराशुभ्र. पोट फिकं बदामी. डोक्याच्या मधोमध काळा पट्टा, डोळ्यांवर काळा मुखवटा आणि त्या मुखवट्यावर पांढरी भुवई. पाय गुलाबी. आणि शेपटीखाली? लालभडक! कुंकवाच्या करंड्यात बसून आल्यासारखा!

हा नवरंग. नऊ रंग खरंच भरतात का, ते तूच मोजून बघ.

शेपटी मात्र इतकीशी! कोणी कात्रीने कापून टाकली असावी असं वाटतं. ती तो सावकाश वर-खाली, वर-खाली हलवत राहतो. दप्तरातली छोटी पट्टी असते ना, १५ सेंटीमीटरची? चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत हा त्या पट्टीहून जेमतेम चार सेंटीमीटर मोठा, म्हणजे साधारण १९ सेंटीमीटर. आणि वजन किती असेल? ओळख पाहू! कोंबडीच्या एका अंड्याएवढं! पन्नास-साठ ग्रॅम, बस्स.

तुला वाटेल, एवढा रंगीत पक्षी तर लांबूनच दिसत असेल. तीच तर गंमत आहे! नवरंग फांदीवर मिरवत बसत नाही फारसा. त्याचा दिवस जातो जमिनीवर, झुडपांच्या सावलीत. वरून बघितलं तर दिसते फक्त हिरवी पाठ, आणि ती पानांत मिसळून जाते. लाल रंग तर पोटाखाली, शेपटीच्या आत लपलेला. बागेत फिरायला आलेली शंभर माणसं त्याच्या बाजूने निघून जातात. एकालाही पत्ता लागत नाही!

पाचोळ्यात तो काय शोधतोय? न्याहारी! ओल्या पानांखाली गांडुळं असतात, किडे असतात, अळ्या असतात, बारक्या गोगलगाई असतात. आपल्याला जो कचरा वाटतो ते त्याचं भरलेलं ताट आहे.

आता जरा जवळ ये. खरी गोष्ट पुढेच आहे.

हा पक्षी काल संध्याकाळी या बागेत नव्हता!

मग आला कुठून? आणि कधी?

नवरंग थंडीचे महिने केरळात, तमिळनाडूत, थेट श्रीलंकेतसुद्धा काढतो. उन्हाळा सरत आला की तो उत्तरेकडे निघतो. श्रीलंकेतून निघालेल्याला तर मधला समुद्राचा पट्टाही ओलांडावा लागतो. कोणी आपल्या कोकणात आणि सह्याद्रीच्या जंगलांत थांबतात. कोणी विदर्भातल्या मेळघाट-ताडोबाच्या जंगलांत पोचतात. कोणी आणखी पुढे, पार हिमालयाच्या पायथ्यापर्यंत जातात. ऋतू बदलला की असं एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जायचं आणि ऋतू पालटला की परत यायचं, याला म्हणतात स्थलांतर.

तू म्हणशील, स्थलांतर करणारे पक्षी तर हिवाळ्यात येतात! बरोबर आहे तुझं. बदकं येतात, धोबी येतात. उत्तरेकडे कडाक्याची थंडी पडते, खायला मिळेनासं होतं, म्हणून ते आपल्याकडे येतात. पण नवरंग उलट्या वेळेला येतो. तो पाहुणा म्हणून येतच नाही मुळी. तो इथे घर बांधायला येतो! मृग लागायच्या सुमाराला, पावसाच्या थोडंसं आधी. कारण पाऊस पडला की जमीन मऊ होते, गांडुळं वर येतात, किडे-अळ्यांची नुसती रेलचेल होते. पिल्लांना भरवायला याहून चांगले दिवस कोणते?

बरं, हे झालं 'कुठून'. आता 'कधी'?

रात्री! काल रात्री तू गाढ झोपेत होतास की जागी होतीस, कोण जाणे. पण तुझ्या इमारतीच्या गच्चीवरून, काळ्याकुट्ट अंधारातून, हा अंड्याएवढ्या वजनाचा जीव पंख मारत चालला होता!

आणि तो एकटाच नाही बरं का. जगातले कितीतरी छोटे पक्षी लांबचा प्रवास रात्रीच करतात. दिवसभर खायचं, रात्रभर उडायचं!

असं का? एक तर रात्री हवा गार असते. पंख मारून मारून अंग तापतं, ते गार हवेत लवकर निवतं. दुसरं, दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवेचे झोत वर उसळत असतात. ते छोट्या पक्ष्याला कुठल्या कुठे ढकलतात. रात्री हवा शांत असते. तिसरं, ससाणे आणि शिक्रे रात्री झोपलेले असतात. आणि चौथं कारण सगळ्यात सोपं आहे. अंधारात गांडूळ दिसत नाही! मग खाण्याचा वेळ प्रवासात का घालवा? रात्रीच्या एसटीने मामाच्या गावाला गेलं की दिवस कसा अख्खा हाताशी राहतो, तसं आहे हे.

पण रात्री आकाशातून पक्षी जातात, हे माणसाला कळलं कसं? अंधारात तर काहीच दिसत नाही!

याची एक भन्नाट युक्ती आहे. पौर्णिमेच्या चंद्राकडे दुर्बीण लावायची आणि बघत बसायचं. मध्येच चंद्राच्या थाळीवरून एक बारीकसा काळा ठिपका सर्रकन जातो. तोच पक्षी! अमेरिकेतल्या पक्षी-अभ्यासकांनी १९४०च्या दशकात अशा रात्रीच्या रात्री जागून ठिपके मोजले. ठिपका कुठल्या दिशेने गेला, हेसुद्धा लिहून ठेवलं. साधी दुर्बीण मिळाली तर हे तूही करू शकशील. मे महिन्यातली किंवा ऑक्टोबरमधली पौर्णिमा निवड.

रडारची गोष्ट तर याहून मजेदार आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधले सैनिक शत्रूची विमानं शोधायला रडारच्या पडद्यासमोर बसायचे. पडद्यावर अधूनमधून भलतेच ठिपके उमटायचे. विमान म्हणावं तर विमान नाही! सगळे चक्रावले. या ठिपक्यांना त्यांनी नाव दिलं 'एंजल', म्हणजे देवदूत! आणि शेवटी काय निघालं? त्यातले कितीतरी 'देवदूत' म्हणजे चक्क पक्षी होते! सैन्यात काम करणाऱ्या पक्षीतज्ज्ञांनी हे कोडं सोडवलं. आज हवामानखात्यातले लोक ढग बघायला जी रडार वापरतात, त्यांवरही पक्ष्यांचे थवे उमटतात. सूर्य मावळल्यावर थोड्याच वेळात हजारो पक्षी जंगलांतून वर उठतात, आणि पडद्यावर रंग पसरत जावा तसे दिसतात.

म्हणजे तुझ्या डोक्यावर रात्री एक हमरस्ता सुरू असतो. ना दिवे, ना पाट्या, ना सिग्नल!

मग रस्ता सापडतो कसा?

इथे मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे. कारण या प्रश्नाचं उत्तर शोधायला शास्त्रज्ञांनी जे केलं, ते ऐकून तू टाळ्या वाजवशील.

पिंजऱ्यात वाढलेले स्थलांतरी पक्षी असतात ना, त्यांच्यात एक विचित्र गोष्ट दिसते. एरवी ते रात्री शहाण्यासारखे झोपतात. पण प्रवासाचा ऋतू आला की त्यांना झोपच लागत नाही! रात्रभर उड्या मारतात, पंख फडफडवतात. सहलीच्या आदल्या रात्री आपलं जे होतं, तेच! आणि गंमत म्हणजे उड्या कशाही मारत नाहीत. ज्या दिशेला जायचं असतं, त्याच बाजूला मारतात.

आता ही दिशा नोंदवायची कशी? रात्रभर डोळे ताणून बघत बसायचं?

अमेरिकेत एम्लेन नावाचे बाप-लेक होते. वडील जॉन, मुलगा स्टीफन, दोघेही पक्ष्यांचे अभ्यासक. १९६६ साली त्यांनी एक सोप्यात सोपं यंत्र जगाला सांगितलं. घरात तेल ओतायचं नरसाळं असतं ना? तसाच कागदाचा मोठा नरसाळ्यासारखा आकार करायचा. तळाशी शाईचं पॅड ठेवायचं, शाळेच्या ऑफिसात शिक्का मारायला असतं तसं. वर जाळीचं झाकण. आणि आत पक्षी!

पुढे काय झालं असेल, सांग बरं?

पक्ष्याचे पाय शाईत भिजले. त्याने उडी मारली. कागदाच्या उतारावर पाय टेकला, घसरला, परत पॅडवर. पुन्हा उडी! सकाळी कागद उलगडून बघावा तर त्यावर पावलांचे ठसेच ठसे! ज्या बाजूला ठसे जास्त, त्या दिशेला पक्ष्याला जायचं होतं. म्हणजे पक्ष्याने स्वतःच्या पायांनी उत्तरपत्रिका लिहून दिली! महागडं यंत्र नाही, वीज नाही. कागद, शाई आणि डोकं. मला हा प्रयोग फार फार आवडतो.

मग स्टीफन एम्लेन यांनी निळ्या रंगाचे छोटे भारीट पक्षी घेतले आणि त्यांना नेलं तारांगणात. हो, तारांगण! मुंबईत वरळीला नेहरू तारांगण आहे ना, तसंच. घुमटाच्या छतावर खोटे तारे, खाली शाईवाले पक्षी. वसंत ऋतूत, जेव्हा भारीटांना उत्तरेकडे जायचं असतं तेव्हा, ठसे उत्तरेला उमटले. मग छतावरचं आकाश उलटं फिरवलं. खोटी उत्तर खऱ्या दक्षिणेला आली. आणि पक्षी? पक्षीही उलटे फिरले! तारे जिकडे म्हणतील तिकडे. म्हणजे हे पक्षी ताऱ्यांवरून दिशा ओळखत होते!

पण थांब, अजून मजा संपली नाही. पिल्लाला कोण शिकवतं की उत्तर कुठे आहे? आई? बाबा?

कोणीच नाही! पिल्लू स्वतः शिकतं. नुसतं आकाशाकडे बघून!

आपल्या बागेतलं गोल फिरणारं चक्र आठव. मुलं गरागरा फिरतात, पण मधला खांब जागचा हलत नाही. रात्रीचं आकाशही तसंच फिरतं, अगदी सावकाश. सगळे तारे पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतात. पण उत्तरेला एक जागा अशी आहे की तिथे जवळजवळ काहीच हलत नाही. तिथेच आपला ध्रुवतारा आहे. भारीटाचं पिल्लू पहिल्या प्रवासाला निघायच्या आधीच्या दिवसांत ही न हलणारी जागा हेरून ठेवतं. 'इथे खांब आहे. म्हणजे ही उत्तर!'

हे खरं कशावरून? एम्लेन यांनी काही पिल्लं लहानपणापासून एका खोट्या आकाशाखाली वाढवली. त्या आकाशात ध्रुवताऱ्याभोवती नाही, तर मृग नक्षत्रातल्या तांबूस काक्षी ताऱ्याभोवती सगळे तारे फिरत होते! ती पिल्लं मोठी झाली. प्रवासाचा ऋतू आला. आणि त्यांनी काय केलं माहितेय? काक्षीलाच उत्तर मानलं, आणि त्यावरून आपली दक्षिण ठरवली! १९७० साली हा निकाल छापून आला, तेव्हा भल्याभल्यांनी तोंडात बोटं घातली.

तुलाही ध्रुवतारा शोधायचाय? मुंबईतून तो क्षितिजापासून सुमारे १९ अंश वर दिसतो. हात समोर ताणून मूठ आवळ. तुझी एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. उत्तरेकडे तोंड करून क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर दुसरी मूठ. तिथेच जवळपास एक मध्यम तेजाचा तारा असेल. तो रात्रभर जागचा हलणार नाही.

पण जूनच्या तोंडावर तर ढग येतात! तारेच दिसत नाहीत! मग?

मग दुसरी सोय आहे. पृथ्वी हा एक भलामोठा चुंबक आहे, हे तुला होकायंत्राच्या सुईवरून कळेल. ती सुई कायम उत्तर-दक्षिण उभी राहते. जर्मनीत फ्रँकफर्टला १९६०च्या दशकात वोल्फगांग विल्चको यांनी रॉबिन पक्ष्यांना बंद खोलीत ठेवलं. ना सूर्य, ना तारे. पण भोवती तारांची मोठी वेटोळी होती. त्यांतून वीज सोडली की चुंबकाची उत्तर हवी तिकडे वळवता यायची. त्यांनी ती वळवली, आणि रॉबिनही वळले! म्हणजे पक्ष्याला चुंबकीय दिशा जाणवते!

कुठे जाणवते? चोचीत? पायात? सगळ्यात आश्चर्याची गोष्ट ही, की बऱ्याच शास्त्रज्ञांच्या मते ती डोळ्यात जाणवते! रॉबिनचं हे होकायंत्र निळ्या-हिरव्या उजेडात नीट चालतं, आणि नुसता लाल उजेड असला की गडबडतं. म्हणजे उजेडाचा आणि या होकायंत्राचा काहीतरी संबंध आहे. पक्ष्याला उत्तर दिशा कदाचित 'दिसतच' असेल. कशी दिसत असेल रे ती? फिकी छटा? सावली? मला तर हा विचार मनातून जातच नाही.

एक सांगायचं राहिलं. कितीतरी जातींची पिल्लं आपला पहिला प्रवास आईबाबांशिवाय करतात! मोठे आधीच निघून गेलेले असतात. गॉडविट नावाचा, चिखलात लांब चोच खुपसून खाणारा एक पक्षी आहे. २०२२ साली एका गॉडविटच्या पाठीवर छोटंसं यंत्र बसवलं होतं. तो अलास्काहून निघाला आणि थेट ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर उतरला. १३,५६० किलोमीटर! सलग ११ दिवस! मध्ये न थांबता, न खाता, न पिता! आणि त्याचं वय किती होतं? फक्त पाच महिने! पाच महिन्यांचं आपलं बाळ तर धड बसतसुद्धा नाही.

आता आपल्या नवरंगाकडे परत येऊ. रात्रभर उडून उडून तो दमला. अंगात साठवलेली चरबी संपत आली. उजाडायच्या आत कुठेतरी उतरायला हवं. खाली बघतो तो काय? शहर! दिवेच दिवे!

हे दिवे मोठा घोटाळा करतात. न्यूयॉर्कमध्ये दरवर्षी ११ सप्टेंबरच्या रात्री आकाशात दोन प्रचंड झोत सोडतात. ते दिवस तिथे पक्ष्यांच्या प्रवासाचेच असतात. शास्त्रज्ञांनी तिथल्या सात रात्री अभ्यासल्या. तेवढ्यात सुमारे ११ लाख पक्ष्यांवर त्या उजेडाचा परिणाम झाला! बिचारे वाट सोडून झोताभोवती गोल गोल फिरत राहिले. मग झोत बंद केले. आणि थोड्याच मिनिटांत पक्षी आपापल्या वाटेने निघून गेले! दिव्याचं बटण दाबलं, आणि वाट सापडली. इतकं सोपं!

आपल्याकडेही दर वर्षी मे-जूनमध्ये मुंबई-ठाण्याकडच्या सोसायट्यांत दमलेले नवरंग सापडतात. कोणाच्या बाल्कनीत, कोणाच्या जिन्यात, कोणाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत! कोणी काचेवर आपटून पडलेला असतो. काचेत झाडाचं प्रतिबिंब दिसतं, आणि त्याला ते खरंच झाड वाटतं.

तुला असा नवरंग सापडला तर? आधी घरातल्या मोठ्यांना हाक मार. मग बुटांचा रिकामा खोका घ्या आणि त्याला हवेसाठी भोकं पाडा. आत जुना मऊ कपडा अंथरा. मोठ्यांनी पक्ष्याला रुमालात अलगद धरून आत ठेवावं आणि झाकण लावावं. खोका शांत, सावलीच्या जागी ठेवायचा. मांजरापासून लांब हं! चोचीत पाणी ओतायचं नाही, भात भरवायचा नाही, सारखं उघडून बघायचं नाही. अंधारात तो घाबरत नाही, अंधारात त्याला विश्रांती मिळते. तास-दोन तासांत हुशारी आली की झाडाजवळ नेऊन खोका उघडायचा. तरीही उडाला नाही, किंवा पंख लोंबत असेल, तर मोठ्यांनी वनविभागाला किंवा जवळच्या प्राणिमित्रांना कळवायचं. पाळायचा मात्र मुळीच नाही! १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पिंजऱ्यात ठेवायला बंदीच आहे. हात साबणाने धुवायला विसरू नकोस.

आणि बागेत शोधायचा असेल तर? आधी कान लाव. नवरंग पहाटे आणि संध्याकाळी जास्त बोलतो. स्वच्छ, खणखणीत, दोन सुरांची शीळ! त्या वेळी तो क्वचित फांदीवर येतो, डोकं मागे टाकतो आणि शीळ घालतो. बाकी दिवसभर पाचोळा, पाचोळा आणि पाचोळा.

एक गोष्ट मात्र मनावर घे. काही लोक मोबाइलवर त्याची शीळ वाजवतात, म्हणजे तो फोटोसाठी बाहेर येईल. हे फार वाईट! त्याला वाटतं, दुसरा नवरंग आपली जागा बळकवायला आलाय. मग तो खाणं सोडून भांडायला धावतो. रात्रभर उडून आलेल्या, पोट रिकामं असलेल्या पक्ष्याला असं फसवायचं? तू असं करू नकोस. आणि कोणी करताना दिसलं तर सांग त्यांना, अगदी मोठा माणूस असला तरी.

पाचोळ्याबद्दल माळीकाकांशीही बोल. बागेतलं पान न् पान झाडून जाळून टाकलं, तर दमलेल्या प्रवाशाने खायचं काय? सगळी बाग तशी ठेवायला नको. मागचा एक कोपरा पुरे! पानं कुजून खतही होईल, त्यामुळे काका तर खूशच होतील. आणि रात्री गच्चीवरचा तो मोठा दिवा कोणाच्याच कामाचा नसेल, तर मे-जूनपुरता बंद ठेवायला सोसायटीच्या सभेत सांगता येईल. आजोबांना सांग, ते बोलतील.

नवरंग दिसला की लगेच वहीत लिही. तारीख, वेळ, जागा, ढग होते की ऊन, पक्षी काय करत होता. चित्र काढ, वेडंवाकडं चालेल! घरातल्या मोठ्यांच्या मदतीने ही नोंद ई-बर्ड नावाच्या संकेतस्थळावर टाकता येते. जगभरातले लोक तिथे आपापल्या पक्ष्यांच्या नोंदी टाकतात. नवरंग कुठल्या गावात कोणत्या आठवड्यात पोचला, हे अशाच नोंदींतून कळतं. शास्त्रज्ञ काही प्रत्येक बागेत जाऊन बसू शकत नाहीत. तुझ्या बागेत तू आहेस ना!

कदाचित नवरंग तुझ्या बागेत एक-दोन दिवसच राहील. पोटभर खाईल आणि पुढच्या रात्री निघेल. येऊरच्या किंवा बोरिवलीच्या जंगलात, नाहीतर कोकणातल्या एखाद्या देवराईत जाईल. तिथे नर-मादी मिळून काड्या, गवत आणि सुक्या पानांचं गोल घरटं करतील. जवळजवळ फुटबॉलएवढं, आणि दार बाजूला! कधी जमिनीवर, कधी बुटक्या फांदीवर. आत चार-पाच पांढरी तुकतुकीत अंडी, त्यांवर जांभळट ठिपके. बाहेर धो धो पाऊस, आत पिल्लं कोरडी!

पाऊस संपला की सगळी मंडळी पुन्हा दक्षिणेकडे. पुन्हा रात्री. पुन्हा तुझ्या गच्चीवरून!

तोवर तुझी वही काही रिकामी राहणार नाही. गणपतीच्या सुमाराला उलट्या दिशेची गाडी सुरू होते. हिमालयाकडून करडा धोबी येतो. सडपातळ, पोटाला पिवळा, लांब शेपटी सारखी वर-खाली आपटणारा. बागेतल्या नळाजवळ, ओल्या फरशीवर, कारंज्याच्या काठावर शोध त्याला. पहिला धोबी दिसला की तारीख लिहायची. पुढच्या वर्षी पुन्हा लिहायची. दोन्ही तारखांत किती दिवसांचा फरक पडतो, ते मला कळव. तुझ्या वर्गात पहिला धोबी कोणाला दिसतोय, बघूच या!